खिरीनंतर उरलेले दूध

वैशाखी पौर्णिमेला लोट्यात खीर होतेच. सुजातेने सिद्धार्थाला दिलेल्या खिरीची आठवण म्हणून घराघरांतून दूध येते. कुणी अर्धा लिटर आणते, कुणी दोन. खीर वाटून झाली की पातेलेभर दूध हमखास उरते. त्यात कोकणातला वैशाख! तापवायला थोडा उशीर झाला की दूध नासलेच. मग कुणीतरी म्हणते, "द्या ओतून."

भगिनींनो, आम्हाला हे ओतणे सोसत नाही. आमच्या आज्या-पणज्यांच्या काळी मेलेले गुरू ओढायचे काम आपल्या माणसांचे, आणि दूध मात्र दुसऱ्याच्या घरचे. याच महामार्गाने उत्तरेला गेले की महाड लागते. तिथेच 1927 च्या परिषदेत मृत मांस सोडण्याचा निर्धार झाला. दुधातुपाचा घास आपल्या ताटात सुखासुखी आलेला नाही.

आता नासलेल्या दुधाविषयी. दुधातल्या साखरेचे सूक्ष्म जंतू आम्ल करतात, त्याने प्रथिने गोठतात आणि तापवताच दूध फाटते. ताजे दूध तापवताना फाटले आणि वास नुसता आंबूस असेल तर ते लगेच वापरावे. कडवट, तार सुटलेले किंवा घाण वासाचे दूध मात्र बिनदिक्कत टाकावे. लेकराच्या पोटापुढे काटकसर नको.

चांगले फाटलेले दूध उकळून, लिंबू पिळून, फडक्यातून गाळावे. गायीच्या लिटरभर दुधाचा दीडशे ग्रॅमच्या आसपास चोथा निघतो. निम्म्याची कांदा-मिरची घालून भुर्जी करावी. उरलेला गूळ-वेलची घालून मंद आचेवर आटवला की वड्या पडतात. मुलांना त्या खिरीहून जास्त आवडतात, हा आमचा अनुभव.

खाली राहिलेले पाणी तर मुळीच ओतू नये. त्याला हिरवट छटा असते ती ब-2 जीवनसत्त्वाची. हेच पाणी उकळून त्यात तांदळाच्या भाकरीची उकड काढावी; भाकरी मऊ राहते. आमटीतही चालते, पण डाळ शिजल्यावरच घालावे. आधी घातले तर आंबटपणामुळे डाळ लवकर शिजत नाही आणि गॅस जळत राहतो.

दही फार आंबटले तर त्याचे ताक करून लसूण-मिरचीच्या फोडणीवर तांदळाच्या पिठाची उकड करावी. पितळेच्या भांड्याला कल्हई नसेल तर त्यात ताक ठेवू नये, ते कळकते.

राहता राहिले तूप. 1936 साली जयपूर संस्थानातील चकवारा गावी एका अस्पृश्य यात्रेकरूने जातबांधवांना जेवण दिले आणि पानात तूप वाढले. एवढ्यासाठी शेकडो सवर्ण लाठ्या घेऊन धावून आले. त्यांनी अन्नाची नासधूस केली, जेवणाऱ्यांना झोडपले. बाबासाहेबांनी 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये ही हकीकत नोंदवली आहे. साय काढून, विरजून, लोणी कढवताना आम्हाला ती दर वेळी आठवते.

म्हणून आमच्याकडे कढईला लागलेली बेरीसुद्धा घासली जात नाही. कढई कोमट असतानाच तिच्यात कणीक घालून चोळतो, थोडे मीठ टाकून मळतो. चार पोळ्यांना वेगळे मोहन लागत नाही. बेरी जास्त असेल तर गूळ कालवून मुलांच्या हातावर ठेवतो.