खामगाव स्थानक: घाटाच्या पायथ्याचे कापसाचे बंदर

मुंबई–हावडा या मुख्य रेल्वेमार्गावर नांदुरा आणि शेगाव यांच्या मध्ये जलंब नावाचे लहानसे जंक्शन आहे. शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनाला निघालेल्या हजारो भाविकांच्या गाड्या रोज तिथून जातात, पण जलंबला उतरणारे थोडे. इथून दक्षिणेकडे एक फाटा फुटतो आणि अवघ्या १३ किलोमीटरवर खामगावला संपतो. पुढे रूळ नाहीत. पुढे अजिंठ्याच्या डोंगररांगेचा चढ आहे आणि चढावर निम्म्याहून अधिक बुलढाणा जिल्हा.

या १३ किलोमीटरच्या, म्हणजे जुन्या हिशेबाने आठ मैलांच्या रुळांचे उद्घाटन करायला ४ मार्च १८७० रोजी खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावात आले होते. त्याच आठवड्यात जबलपूरला मुंबई आणि कलकत्ता यांना जोडणारा लोहमार्ग पूर्ण झाल्याचा सोहळा होता, त्यालाही ते हजर राहिले. एकीकडे देशाच्या दोन टोकांना जोडणारी लाइन, दुसरीकडे एका बाजारपेठेपर्यंत जाणारा आठ मैलांचा फाटा. व्हाइसरॉयने दोन्हींसाठी वेळ काढला. खामगावच्या कापसाचे वजन तेव्हा किती होते, हे यावरून कळते.

मुंबईच्या समुद्रापासून रेल्वेने सुमारे साडेपाचशे किलोमीटर आत असलेल्या या स्थानकाला बंदर म्हणावे का, असा प्रश्न कुणालाही पडेल. मला मात्र याहून योग्य शब्द सुचत नाही. बंदरात माल गोळा होतो, मोजला जातो, बांधला जातो आणि परमुलखात रवाना होतो. खामगाव स्थानक नेमके तेच करण्यासाठी बांधले होते. जहाजे मुंबईला उभी असत, पण त्यांत भरायचा माल खामगावलाच गाठी होऊन तयार होई.

खामगावचा बाजार तसा रेल्वेहून जुना. १८२०च्या सुमारास काही व्यापाऱ्यांनी तिथे दुकाने मांडली आणि तूप, सूत व थोडासा कापूस यांचा व्यवहार सुरू केला. त्या काळी वऱ्हाडच्या कापसाची वाट मुंबईकडे जात नसे. बैलांच्या पाठीवर लादून तो गंगेकाठच्या मिर्झापूरला नेत आणि तिथून पुढे नावेने. मिर्झापूर इथून ५०० मैलांवर. वाटेत धूळ, नद्यांचे उतार, अवकाळी पाऊस. शेतातून पांढराशुभ्र निघालेला कापूस तिथे पोचेपर्यंत मातकट झालेला असे.

मुंबईची वाट उघडली ती विकाजी आणि पेस्तनजी या मुंबईच्या पारशी व्यापाऱ्यांनी. १८२५-२६ साली त्यांनी वऱ्हाडातून ५०० बैलांवर १,२०,००० पौंड कापूस मुंबईला पाठवला. एका बैलावर २४० पौंड, म्हणजे सव्वा क्विंटलच्या आतले ओझे. आजच्या मापाने हा सगळा माल सुमारे ३२० गाठींचा. त्यासाठी पाचशे जनावरे, त्यांचा चारा, त्यांना हाकणारी माणसे आणि घाट उतरून समुद्रापर्यंतची कित्येक दिवसांची चाल. पुढे आगगाडीने काय बदलले, ते समजायला हा एक तांडा डोळ्यांपुढे आणला तरी पुरे.

१८५३ साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती आला. त्याच वर्षी १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली. बोरीबंदर, वाडीबंदर ही नावेच सांगतात की आपल्याकडे रेल्वेचा उगम धक्क्यावर झाला. मग १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडकला आणि लँकेशायरच्या गिरण्यांना वऱ्हाडची काळी कसदार जमीन आठवली. मुंबईत भाव आकाशाला भिडले. युद्ध संपताच १८६५ साली बाजार कोसळला आणि पेढ्या बुडाल्या, पण रूळ पुढे सरकतच राहिले. थळ घाट ओलांडून, भुसावळवरून पूर्णेच्या सपाट खोऱ्यातून ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची लाइन १८६७ साली नागपूरला पोचली.

रूळ सपाटीने गेले, खामगाव दक्षिणेला बाजूला पडले. आठ मैलांचे अंतर ऐकायला काहीच नाही. पण पावसाळ्यात वऱ्हाडच्या काळ्या मातीतून भरली गाडी हाकून पाहिलेल्या माणसाला विचारा. चाकाला मातीचे लगदे चिकटतात, आस रुततो, बैल गुडघे टेकतात. म्हणून फाटा निघाला, तोही कंपनीच्या भांडवलावर न निघता सरकारी पैशाने. तोवर हिंदुस्थानातली रेल्वे प्रामुख्याने हमी घेतलेल्या खासगी कंपन्या बांधत. सरकारने स्वतः बांधायला घेतलेल्या सुरुवातीच्या मार्गांत खामगावचा हा फाटा आणि बडनेऱ्याहून अमरावतीला जाणारा त्याचा जुळा भाऊ, दोन्ही येतात.

आता तारखांकडे पाहा, कारण खरे आश्चर्य तिथे आहे. नोव्हेंबर १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला. मार्च १८७० मध्ये खामगावचा फाटा. आणि जून १८७० मध्ये मुंबईहून समुद्राखालून इंग्लंडपर्यंत जाणारी तारायंत्राची तार पुरी झाली. अवघ्या आठ महिन्यांत खामगावच्या बाजारातला भाव आणि लिव्हरपूलच्या बाजारातला भाव एकमेकांना ऐकू येऊ लागले. पूर्वी आफ्रिकेला वळसा घालून महिनोन्‌महिने जाणारा माल आता मागणी आल्यापासून काही आठवड्यांत तिकडच्या धक्क्यावर उतरे. व्होल्कार्ट ब्रदर्ससारख्या स्वित्झर्लंडच्या पेढीने खामगावात ठाण मांडले ते याच काळात. लिव्हरपूलमध्ये वऱ्हाडी कापसाला उमरावतीच्या नावाने भाव निघे. अमरावतीचे नाव तिथल्या दलालांच्या जिभेवर असे पोचले होते.

एक गाठ तयार कशी होते, हे जवळून पाहिल्याशिवाय या स्थानकाचा जीव कुठे होता ते कळत नाही. वऱ्हाडात पऱ्हाटीला बोंडे फुटली की पहिल्या वेचणीला सीतादहीची पूजा होते, शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवतात आणि मग बाया ओटीत कापूस वेचू लागतात. हा कापूस म्हणजे सरकीसकटचा. जिनात गेला की रुई वेगळी, सरकी वेगळी. एक क्विंटल कापसातून रुई निघते जेमतेम ३३ ते ३५ किलो, उरते ती सरकी, तिचे तेल आणि ढेप. रुई इतकी फुगीर की खोलीभर ढिगाचे वजन पाहून हसू यावे. ती प्रेसमध्ये दाबून, पट्ट्यांनी करकचून आवळली की गाठ होते. इंग्रजांच्या काळात ती ३९२ पौंडांची होती, आज १७० किलोची आहे. म्हणजे एका गाठीमागे सुमारे पाच क्विंटल कापूस, एका बोंडात काही ग्रॅम कापूस धरला तर लाखभर बोंडे. दाबलेली गाठ कमी जागा व्यापते, आणि रेल्वेच्या वाघिणीत व जहाजाच्या पोटात जागेलाच पैसे पडतात. म्हणून जिन-प्रेस रुळांच्या जवळ उभे राहिले आणि खामगावची वस्तीही त्यांच्याभोवती वाढली. कापसाच्या पैशातून चांदीचा व्यापारही फुलला. खामगावला आजही रजतनगरी म्हणतात.

या वैभवाची दुसरी बाजू लपवून चालणार नाही. वऱ्हाडचे कापूस कमिशनर हॅरी रिव्हेट-कार्नाक यांनी फाटा होण्याआधीच अहवालात मोकळेपणाने मांडले होते की रेल्वे आली की विलायती कापड इथे स्वस्तात विकता येईल, सूत काततात-विणतात ते लोक शेतमजुरीला मोकळे होतील आणि त्यांच्या चातीवर जाणारा कापूसही निर्यातीला मिळेल. झाले तसेच. गाठी बाहेर गेल्या, मँचेस्टरचे कापड आत आले, कोष्टी-साळ्यांचे माग थंडावले. लांब, तलम धाग्याच्या बनी कापसाची जागा आखूड धाग्याच्या पण भरपूर पिकणाऱ्या वाणाने घेतली. ज्वारीच्या रानात पऱ्हाटी शिरली आणि १८९९-१९००च्या दुष्काळात वऱ्हाडने त्याची फार मोठी किंमत मोजली. खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. १९०५च्या फेररचनेत ते बुलढाण्यात आले.

माझ्या मते स्थानकाच्या उतरणीचे बीज त्याच्या रचनेतच होते. त्याचे तोंड एकाच दिशेला, समुद्राकडे होते. पाठीमागे घाटावर चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा अशी गावे होती. तिथला शेतकरी कापूस घेऊन घाट उतरून यायचा आणि रिकामी गाडी घेऊन परत चढायचा. रेल्वे त्याच्याकडे कधीच गेली नाही. जिल्ह्याचे ठाणे असलेल्या बुलढाणा शहरात आजही आगगाडी नाही. तिथले लोक घाट उतरून मलकापूरला येऊन गाडी पकडतात. बुलढाण्यात 'घाटावर' आणि 'घाटाखाली' हे शब्द रोजच्या बोलण्यात आहेत, आणि रेल्वे अजून घाटाखालचीच गोष्ट आहे.

दुसऱ्या टोकाची, मुंबईतली, बंदरस्थानकेही एकेक करून गेली. कुलाब्याचा जुना कापूस बाजार १९२०च्या दशकात शिवडीकडे हलला. हार्बर लाइनवरचे कॉटन ग्रीन स्थानक त्याच बाजाराचे नाव सांगते. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचे कुलाबा टर्मिनस १९३०च्या अखेरीस बंद झाले. बॅलार्ड पिअर मोल हे तर खऱ्या अर्थाने धक्क्यावरचे स्थानक. विलायतेच्या बोटीतून उतरलेला प्रवासी तिथे थेट आगगाडीत बसे, आणि १९२८ साली सुरू झालेली फ्रंटियर मेल हंगामात तिथूनच सुटे. एप्रिल १९४४च्या गोदीतील स्फोटानंतर त्याचे दिवस सरले. मुंबईची ही स्थानके नकाशावरून पुसली गेली. खामगावचे मात्र जिवंत राहिले, याचे मला विशेष वाटते.

जिवंत राहिले, पण काम गेले. १९७२ साली राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली आणि खुल्या बाजाराची जुनी घडी मोडली. मुंबई–कोलकाता महामार्ग खामगावातूनच जातो, त्यामुळे जिनाच्या दारात उभा राहणारा ट्रक गाठ थेट गिरणीच्या दारात नेऊ लागला. रेल्वेनेही पुढे सुट्या वाघिणींची वाहतूक आवरती घेऊन भरलेल्या पूर्ण गाड्यांवर भर दिला. दहा-वीस वाघिणींचा माल देणारी स्थानके त्यात मागे पडली. गिरणी कामगारांच्या १९८२च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्याच बसल्या. घाटावर सोयाबीनने पऱ्हाटीची जागा घेतली. ज्या फाट्याने एकेकाळी लिव्हरपूलचा भाव वऱ्हाडात आणला, त्याची ओळख आज प्रामुख्याने जलंबपर्यंत ये-जा करणाऱ्या शटलची आहे. शाळा-कॉलेजची पोरे, नोकरदार, मुंबईच्या गाडीला जोड धरणारे प्रवासी यांना ती हवी आहे, एवढे खरे.

मग पुनरुज्जीवन कशाने होईल? जुनी इमारत रंगवून किंवा एखादी जादा गाडी सोडून फार काही होणार नाही. उत्तर घाटावर आहे. खामगावहून चिखली, देऊळगाव राजा करत जालन्याला जाणाऱ्या रेल्वेमार्गाची मागणी इंग्रजांच्या काळापासून चालत आली आहे. पाहण्या झाल्या, कागद हलले, लोकांनी समित्या स्थापून आंदोलने केली. लांबी दीडशे किलोमीटरहून जास्त आणि खर्च हजारो कोटींत. मुख्य अडचण चढाची. खामगाव–बुलढाणा रस्त्याने बोथ्याच्या घाटातून, ज्ञानगंगा अभयारण्याच्या झाडीतून गेलेल्या कुणालाही इथे रूळ चढवणे सोपे नाही हे कळते. तरीही अलीकडच्या वर्षांत राज्य सरकारने निम्मा खर्च उचलण्याची तयारी दाखवली, ही त्या मागणीच्या इतिहासातली मोठी गोष्ट आहे.

हा मार्ग झाला तर खामगाव शेवटचे स्थानक राहणार नाही. उत्तरेला मुंबई–हावडा लाइन, दक्षिणेला मनमाड–सिकंदराबाद लाइन आणि मधला दुवा खामगाव. जिजाऊंच्या सिंदखेड राजाच्या पंचक्रोशीला, लोणारच्या सरोवराकडे येणाऱ्या अभ्यासकांना, चिखलीच्या बाजार समितीतल्या सोयाबीनला जवळची रेल्वे मिळेल. समृद्धी महामार्ग घाटावरून गेला आहे, पण धान्याच्या आणि गाठींच्या ओझ्याला रूळ स्वस्त पडतात, हे १८७० साली जितके खरे होते तितकेच आजही आहे.

आणि जालन्याला एक गोष्ट वाट पाहत आहे. उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदराने तिथे ड्राय पोर्ट, म्हणजे समुद्र नसलेले बंदर उभारायला घेतले. त्याचे भूमिपूजन २०१५ साली झाले. कंटेनर तिथेच भरायचा, जकातीचे सोपस्कार तिथेच उरकायचे आणि रेल्वेने थेट जहाजापाशी न्यायचा, अशी ही कल्पना आहे. खामगावने दीडशे वर्षांपूर्वी वेगळ्या नावाने हेच काम केले होते. रूळ जालन्यापर्यंत गेले, तर खामगावची गाठ पुन्हा बंदराला लागेल, आणि या खेपेला तिला त्यासाठी घाट चढून जावे लागेल.