पाते लागून होणारा डोळ्याचा बुरशीव्रण

माघ-फाल्गुनात मंगळवेढ्याच्या काळ्या रानापासून बार्शीपर्यंत शाळूची काढणी व मळणी चाललेली असते. त्याच सुमारास भीमेच्या काठी उसाची तोडणीही जोरात असते. या दिवसांत ज्वारीचे पाते, उसाचे पाचट किंवा मळणीयंत्रातून उडालेले तूस डोळ्यास लागले नाही असा शेतकरी विरळा. बहुतेकांचा डोळा दोन दिवस चुरचुरून बरा होतो, आणि म्हणूनच ज्याचा होत नाही तो गाफील राहतो. त्या दुसऱ्या प्रकाराविषयी येथे चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे.

डोळ्याच्या काळ्या भागावर काचेसारखा पारदर्शक पडदा असतो. त्यास पारपटल म्हणतात. निरोगी पडद्यावर बुरशी सहसा रुजत नाही. मात्र पात्याच्या धारेने त्यावर ओरखडा उठला की पात्यावरील अथवा धुळीतील बुरशीचे बीजाणू आत शिरतात व धागे सोडू लागतात. तुरीची व हरभऱ्याची मर ज्या फ्युजारियम कुळातील बुरशीने होते, त्याच कुळातील बुरश्या डोळ्यातही व्रण करतात. दुसरे कुळ अ‍ॅस्परजिलस. साठवलेल्या भुईमुगावर काळी किंवा हिरवट बुरशी चढते ती याच कुळातली. सबब हा रोग परका नसून आपल्या रानातलाच आहे. जर्मन नेत्रवैद्य लेबर यांनी १८७९ साली या रोगाचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांचा रोगीही शेतकरीच होता व त्याच्या डोळ्यात मळणीचे तूस उडाले होते.

आमच्या घरची हकीकत सांगितल्यास विषय अधिक स्पष्ट होईल. आमच्या थोरल्या बंधूंच्या उजव्या डोळ्यास ऊस तोडताना पाते लागले. आम्ही त्या वेळी कचेरीत नोकरीस होतो. सायंकाळी घरी जाताना एका दुकानातून, डॉक्टरांस न विचारता, लाली उतरविणारे थेंब आम्हीच नेऊन दिले. चार दिवसांत लाली व ठणका कमी झाला आणि आम्ही निश्चिंत झालो. पंधरवड्याने बुबुळावर पांढरा डाग दिसू लागला. त्या थेंबांत स्टिरॉइड होते. या औषधाने दाह दबतो, परंतु बुरशीस आवरणारी शरीराची शक्तीही दबते, व व्रण आतल्या आत खोल जातो. पुढे योग्य उपचाराने डोळा राहिला, पण नजर गेली ती गेलीच. नोकरीत आम्ही वर्षानुवर्षे पिकांची पैसेवारी लिहिली. घरातल्या नुकसानीची नोंद मात्र कोणत्याच तक्त्यात बसली नाही.

आता लक्षणे पाहू. डोळे येण्याच्या साथीत बहुधा दोन्ही डोळे लाल होतात, चिपडे येतात, पण नजर सहसा शाबूत राहते. बुरशीव्रणात बहुधा मार लागलेला एकच डोळा दुखतो, पाणी गळते, उजेड सोसत नाही व धूसर दिसते. हा रोग पुष्कळदा सावकाश वाढतो. काही दिवसांनी बुबुळावर करडा-पांढरा, कोरडासा डाग उठतो, त्याच्या कडा पिसासारख्या फुटलेल्या असतात व कधी आसपास लहान ठिपके उठतात. डोळ्याच्या आत तळाशी पू साचणे हे रोग बळावल्याचे चिन्ह होय.

तथापि केवळ पाहून निदान पक्के होत नाही. डाळिंबावरील तेल्या जिवाणूंचा, तर मर बुरशीची. एकाचे औषध दुसऱ्यास लागू पडत नाही, हे आपल्या जिल्ह्यातील बागायतदारांस सांगणे नको. डोळ्याचेही तसेच आहे. डॉक्टर बधिर करणारे थेंब घालून व्रणाचा किंचित खरवड काढतात, काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. बुरशीचे धागे असल्यास ते बहुधा त्याच दिवशी दिसतात. खरवड वाढीस लावून जात ओळखण्यास मात्र काही दिवस लागतात. या तपासणीस नकार देऊ नये.

मुख्य औषध नाटामायसिनचे ५ टक्के थेंब. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या केंद्रांत ३२३ रुग्णांवर झालेली चाचणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. तीत हे औषध व्होरिकोनाझोलच्या थेंबांपेक्षा सरस ठरले, विशेषतः फ्युजारियमच्या व्रणात. आरंभी ते जागेपणी दर तासाला घालावे लागते व उपचार कित्येक आठवडे चालतो. बरे वाटले म्हणून मध्येच सोडल्यास रोग उलटतो. व्रण आवरेनासा झाल्यास मृत व्यक्तीने दान केलेल्या नेत्राचे पटल बसवावे लागते. त्यासाठी मृत्यूनंतर ६ तासांच्या आत नेत्र काढून घ्यावे लागतात, हेही वाचकांनी ध्यानी ठेवावे.

डोळ्यास काही लागताच स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा, चोळू नये. रुतलेले कुसळ पदराच्या टोकाने किंवा जिभेने काढू नये. मध, एरंडेल, अंगावरचे दूध, पाल्याचा रस यांपैकी काहीही घालू नये. घट्ट पट्टी बांधू नये. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, डोळा दाखवावा. नेपाळातील भक्तपूर येथे ओरखडा उठलेल्यांस क्लोरॅम्फेनिकॉलचे मलम देण्यात आले. १८ तासांच्या आत ज्यांस मलम मिळाले त्यांपैकी कोणासही व्रण झाला नाही, असे २००१ साली प्रसिद्ध झाले. मलम कोणते ते डॉक्टरांनी ठरवावे. आपण वेळ साधावी. सोलापुरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. तेथे जाण्यास एक दिवस मोडेल, एवढेच.

तोडणी-मळणीच्या वेळी साधा पारदर्शक चष्मा घालावा व यंत्रापाशी वाऱ्याकडे पाठ करून उभे राहावे. आपल्या रानात रोजाने येणाऱ्या बाया-माणसांसही चष्मा पुरवावा. डोळा त्यांचाही तितकाच मोलाचा आहे. बियाण्यास बुरशीनाशक चोळल्यावाचून आपण पेरणी करीत नाही. तेवढीच दक्षता स्वतःच्या डोळ्याविषयी बाळगावी, इतकीच आमची विनंती.