वर्गसहायक : घरच्या भाषेतून शाळेच्या भाषेकडे

मेळघाटातील कोरकू मूल पाण्यास ‘डा’ म्हणते, तर गोंड मूल ‘येर’ म्हणते. कोरकू मुंडा कुळातील व गोंडी द्राविड कुळातील भाषा असल्याने पहिलीच्या वर्गातील मराठी या मुलांना परकी वाटते. ती गप्प बसतात व त्यांच्या मौनास मंदबुद्धी समजले जाते. हा गैरसमज दूर करणे हे वर्गसहायकाचे पहिले काम होय.

सहायक शक्यतो त्याच वस्तीतील असावा. त्याने धड्याचा आशय प्रथम मुलांच्या बोलीत सांगून मग मराठी शब्द जोडून द्यावेत. प्रत्येक वाक्याचे भाषांतर मात्र करू नये. तसे केल्यास मुले मराठी ऐकण्याऐवजी भाषांतराचीच वाट पाहतात.

ऊसतोडीसाठी आई-वडिलांबरोबर आलेल्या मुलांची अडचण निराळी असते. हंगामात त्यांची गावची शाळा सुटते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार, शाळा सोडल्याचा दाखला मिळण्यास विलंब झाला म्हणून सरकारी शाळेस प्रवेश नाकारता येत नाही. ही माहिती सहायकाने कोप्यांवर जाऊन पालकांना द्यावी. हंगाम संपताना मूल काय शिकले याची नोंद त्याच्यासोबत पाठवावी, म्हणजे पुढे कोठून आरंभ करावयाचा हे गावच्या शिक्षकास कळेल.