पुण्याजवळचा गुंठा घेण्याआधी



मागच्या महिन्यात एका बचत गटातल्या ताई आम्हाला भेटल्या. मुलगा चाकणला कारखान्यात कामाला आहे. शहरात आपलंही काहीतरी असावं म्हणून त्यांनी दागिने गहाण ठेवून पुण्याजवळ एक गुंठा घेतला. आज हातात आहे फक्त नोटरीचा कागद. सातबाऱ्यावर नाव नाही आणि एजंट फोन उचलत नाही. ताईंची इच्छा चुकीची नव्हती. कागद बघायच्या आधी पैसे दिले, तिथे घात झाला. म्हणून आज आपण याविषयी बोलणार आहोत.

आधी फ्लॅटचा हिशोब मांडू. समजा, फ्लॅट 60 लाखांचा आहे. बँक या रकमेच्या घराला जास्तीत जास्त 80 टक्के कर्ज देते, म्हणजे 48 लाख. वरचे 12 लाख आपल्या पदरचे, शिवाय मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च वेगळा. साडेआठ टक्के व्याज आणि 20 वर्षांची मुदत धरली, तर हप्ता येतो महिन्याला सुमारे 41,650 रुपये. भाडं 16 हजार आलं, तर उरलेले साडेपंचवीस हजार दर महिन्याला आणायचे कुठून? "भाड्यातूनच हप्ता फिटेल" असं कोणी सांगितलं, तर त्याच्यासमोरच वही काढून हा हिशोब करा.

फ्लॅट झेपत नाही म्हणून आपण गुंठ्याकडे वळतो. एक गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट. 40 गुंठ्यांचा एकर. पण जमीन शेतीची असेल, तर तिचा लहान तुकडा घेताना तुकडेबंदी कायदा आडवा येऊ शकतो. म्हणून दुय्यम निबंधक कार्यालयात आधीच विचारा, "या गट नंबरातल्या एका गुंठ्याचं खरेदीखत नोंदवलं जाईल का?" नोटरीच्या कागदाने मालकी मिळत नाही. त्यासाठी नोंदणी केलेलं खरेदीखत लागतं आणि नंतर फेरफार होऊन सातबाऱ्यावर आपलं नाव यावं लागतं.

प्लॉट एनए म्हणून विकत असतील, तर बिगरशेतीचा आदेश आणि मंजूर नकाशा मागा. 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेत आठपेक्षा जास्त प्लॉट पाडून विकायचे असतील, तर महारेराची नोंदणी हवी. तो नंबर महारेराच्या संकेतस्थळावर तपासता येतो; मुलीला मोबाईलवर बघायला सांगा. अशा प्रकल्पात करार नोंदवण्याआधी किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. "आज पैसे भरा, उद्या भाव वाढेल" म्हणणाऱ्याला सांगा, "आधी कागद दाखवा."

मग आपण सुरुवात कुठून करायची? जवळ एमआयडीसी असेल, तर आधी आपल्या घराकडे बघा. चाकण, रांजणगावच्या आसपासच्या गावांत कितीतरी घरांनी कामगारांसाठी खोल्या बांधल्या. जागा आपलीच असली की जमिनीचा पैसा वाचतो. एक खोली परवानगी घेऊन बांधली आणि भाड्याचा करार लेखी केला, तरी ती गुंतवणूकच झाली. आणि भाडेकरूही डोळ्यासमोर राहतो.

शेवटची गोष्ट नावाची. दागिने आपले गहाण पडतात आणि खरेदीखतावर नाव मात्र दुसऱ्याचं लागतं, असं होऊ देऊ नका. महाराष्ट्रात 2021 पासून बाईच्या नावावर राहतं घर घेतलं, तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. 30 लाखांच्या घराला 30 हजार रुपये वाचतात. घरात हे आकड्यानिशी सांगा.

येत्या बैठकीत प्रत्येकीने आपल्या राहत्या घराचा नमुना आठचा उतारा आणा. त्यावर आपलं नाव आहे का, ते एकमेकींना वाचून दाखवा. शहरातल्या गुंठ्याचं त्यानंतर बघू.