राष्ट्रीय अजिंक्यपदं आधी भरवली कुणी?

अमेरिकेतल्या कॉलेज-खेळांचा विषय निघाला की एनसीएएचं नाव हमखास पुढे येतं. राष्ट्रीय स्पर्धा भरवण्यासाठीच ही संघटना निघाली, असं अनेकजण धरून चालतात. प्रत्यक्षात १९०५ साली अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर विद्यार्थ्यांचे जीव जात होते. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं. त्या खळबळीतून १९०६ मध्ये संघटना उभी राहिली, ती नियम घालून देण्यासाठी. आजचं नाव तिला १९१० मध्ये मिळालं आणि पहिलं राष्ट्रीय अजिंक्यपद तिनं भरवलं थेट १९२१ मध्ये, शिकागोत. तेही अ‍ॅथलेटिक्सचं! ज्या फुटबॉलपायी ती जन्मली, त्याच्या सर्वोच्च गटाचं अजिंक्यपद तिनं आजवर भरवलेलं नाही.

एनसीएएची ‘मार्च मॅडनेस’ ही कॉलेज बास्केटबॉलची पहिली राष्ट्रीय स्पर्धा, हा समजही चुकीचा. ती १९३९ची. संघ आठच; अंतिम सामन्यात ओरेगननं ओहायो स्टेटला ४६-३३ असं हरवलं आणि स्पर्धा तोट्यात गेली. न्यूयॉर्कची एनआयटी ही स्पर्धा त्याच्या आदल्या वर्षी सुरू झाली होती. त्याही आधी, १९३७ मध्ये, कॅन्सस सिटीत छोट्या कॉलेजांची स्पर्धा भरली. खुद्द बास्केटबॉलचे जनक जेम्स नायस्मिथ तिच्या पाठीशी होते.

कॅन्सस सिटीच्या या स्पर्धेचा इतिहास मात्र निष्कलंक नाही. कृष्णवर्णीय खेळाडूंना तिथे बंदी होती. १९४७ मध्ये इंडियाना स्टेटला निमंत्रण आलं, पण संघातल्या क्लॅरेन्स वॉकरला वगळावं लागणार होतं. प्रशिक्षक जॉन वुडन यांनी निमंत्रणच नाकारलं. विरोध वाढला, १९४८ मध्ये बंदी उठली आणि वॉकर खेळला. संघ अंतिम फेरीपर्यंत पोचला, तिथे लुईव्हिलकडून हरला. वुडन यांची पुढची दहा एनसीएए अजिंक्यपदं सगळ्यांना ठाऊक असतात. हा नकारही तितकाच ठाऊक असायला हवा.

महिलांची राष्ट्रीय अजिंक्यपदं एनसीएएनं सुरू केली, हा तर सर्वांत अन्यायकारक गैरसमज. ओहायो स्टेटमध्ये १९४१ सालीच महिलांची राष्ट्रीय कॉलेज गोल्फ स्पर्धा झाली होती. १९७१ मध्ये महिला क्रीडाशिक्षकांच्या पुढाकारातून एआयएडब्ल्यू ही संघटना स्थापन झाली. तिचं बास्केटबॉल अजिंक्यपद पेनसिल्व्हेनियातल्या इमॅक्युलाटा या लहानशा कॉलेजनं १९७२ पासून सलग तीनदा पटकावलं. एनसीएए या क्षेत्रात उतरली ती तब्बल दशकभरानं. १९८२ मध्ये दोन्ही संघटनांनी स्वतंत्र स्पर्धा भरवल्या: एनसीएएची लुइझियाना टेकनं जिंकली, एआयएडब्ल्यूची रटगर्सनं. त्यानंतर एआयएडब्ल्यूची स्पर्धा पुन्हा झाली नाही.