दावादावा: आफ्रिकेतल्या बायकांचा मसाला

पश्चिम आफ्रिकेत शेंगांचे एक मोठे झाड आहे. त्याच्या बिया आंबवून बायका मसाला करतात. हौसा भाषेत तो दावादावा, योरुबात इरू.

बी इतकी टणक, की तासन्‌तास उकळावी लागते. मग कुटायची, पाण्यात चोळून साले काढायची, पुन्हा शिजवायची आणि झाकून दोन-तीन दिवस उबेला ठेवायची. वास असा, की नवखी बाई नाक दाबेल! पण थोडासा कालवणात पडला, की मटण नसतानाही रस्सा चवदार लागतो. बियांत प्रथिने आणि स्निग्धांश भरपूर. आंबवल्यावर त्या पचायलाही हलक्या. अर्थात चिमूटभर मसाल्याने प्रथिनांची गरज भागत नाही.

आता तिथेही तयार मसाल्याच्या वड्या आल्यात. झटपट, पण मीठ फार. दावादावा विकून घरखर्चाला हातभार लावणाऱ्या बायकांचे गिऱ्हाईक त्याच ओढतात. शिवाय सरपण, पाणी, मेहनत धरली तर हातात किती उरते? आपल्या पापडांचा हिशेब करताना आपणही मजुरी धरत नाही.

आणि हो, आपल्याकडे बागेत दिसणारे चेंडूफळाचे झाड याच्या जातकुळीतले. म्हणून त्याच्या बिया आणून शिजवू नका हं!