कोर्टातलं यंत्र आणि आपला कागद

 

मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीत हप्ते जमा झाले, वही मिटली, आणि आमच्यातल्या एकीनं पिशवीतून चार घड्या घातलेला कागद काढला. भावांनी जमिनीत वाटा नाकारला म्हणून तिचं भांडण कोर्टात आहे. तालुक्याहून नांदेडला आणि तिथून उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात, असा त्या दाव्याचा प्रवास झालेला. कागद इंग्रजीत. नातवानं मोबाईलवर फोटो काढून त्याचं मराठी करून दिलं होतं. त्यात होतं, "दुरुस्तीसाठी रजा मंजूर." तिला वाटलं, कुणीतरी साहेब रजेवर गेले आणि तारीख पुढं गेली. ती निवांत होती. वकिलाला विचारल्यावर कळलं की ती रजा नव्हती, परवानगी होती. समोरच्या पक्षाला आपल्या अर्जात दुरुस्ती करायची परवानगी मिळाली होती आणि तिला त्यावर उत्तर द्यायचं होतं. मुदतीचे थोडेच दिवस उरले होते.

इंग्रजीत 'लीव्ह' या एकाच शब्दाचे रजा आणि परवानगी असे दोन्ही अर्थ होतात. कोर्टाच्या कागदात कोणता घ्यायचा, हे यंत्राला उमगलं नाही. यात नातवाला बोल लावू नये. 'लीव्ह ग्रँटेड'चं यंत्रानं हिंदीत 'सुट्टी मंजूर' करून टाकल्याचं सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनीही सांगितलेलं आहे. म्हणून आज ठरवलं की कोर्टात हे यंत्र कुठं कुठं आलंय आणि त्याच्यावर लक्ष कोण ठेवतं, हे सांगावं.

या यंत्राला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात, बोलताना एआय. त्याला लाखो कागद वाचायला दिलेले असतात. त्यावरून एका शब्दानंतर कोणता शब्द येण्याचा संभव जास्त, याचा अंदाज बांधत ते वाक्य जुळवतं. खरंखोटं पारखणं हा त्याचा मूळ स्वभाव नाही. गावात एखादा असतो ना, ज्याला "मला माहीत नाही" म्हणायची लाज वाटते आणि मग तो काहीतरी ठोकून देतो, पण इतक्या ठसक्यात की ऐकणाऱ्याला खरंच वाटावं. तसंच.

आपल्या देशात सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये 'सुवास' नावाची अनुवादाची प्रणाली आणली. इंग्रजी निकाल मराठीसारख्या भाषांत यावेत, हा हेतू. हेतू चांगलाच आहे. आपल्या मराठवाड्यातल्या बायांना परक्या भाषेतल्या कागदाचं दुःख नवं नाही. निजामाच्या राज्यात कोर्टाचा कारभार उर्दूत होता. आपल्या आज्यांनी घरातले कागद ट्रंकेत जपले, पण त्यात काय लिहिलंय ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं. आज उर्दूच्या जागी इंग्रजी आहे. मराठीत निकाल मिळाला तर कुणाला नको आहे? पण यंत्राचा अनुवाद माणसानं तपासावा लागतो, आणि अनुवादित निकालासोबत सूचनाही असते की हा मजकूर पक्षकाराला समजण्यापुरता आहे, अधिकृत म्हणून इंग्रजी प्रतच धरावी. ती ओळ बहुतेक जण वाचतच नाहीत.

२०२१ मध्ये 'सुपेस' नावाची आणखी एक प्रणाली आली. खटल्याच्या ढीगभर कागदांतून न्यायाधीशांना हवी ती माहिती शोधून देणं, हे तिचं काम. तिचं उद्घाटन केलं ते आपल्या नागपूरच्या शरद बोबडे यांनी. ते तेव्हा सरन्यायाधीश होते. निर्णय घेण्याचं काम यंत्राकडे जाऊ देणार नाही, असं त्यांनी त्याच वेळी सांगितलं होतं. पुढं २१ फेब्रुवारी २०२३ ला महाराष्ट्राच्या सत्तासंघर्षाच्या खटल्यात, म्हणजे शिवसेनेतल्या फुटीच्या सुनावणीत, कोर्टातलं बोलणं यंत्रानं ऐकून लिहून काढायला सुरुवात झाली. लिहिलेलं वकिलांना तपासायला द्यायचं, अशी रीत ठेवली होती.

दिल्लीत मोठमोठे वकील सावकाश इंग्रजी बोलतात. आपली बाई साक्षीला उभी राहिली की घाबरलेली असते, पदर तोंडाशी धरून बोलते. "नांदवत नाही," "लेकरासहित घरातून काढलं," "मपल्या नावावर काहीच नाही," हे यंत्राच्या कानाला कसं ऐकू जाईल? केरळमध्ये नोव्हेंबर २०२५ पासून साक्षी यंत्राच्या मदतीनं टिपून घ्यायला लागलेत. आज ना उद्या ते इकडंही येईल. तेव्हा एक जुनी पद्धत ध्यानात ठेवा. साक्षीदाराची साक्ष लिहून झाली की ती त्याला वाचून दाखवायची असते. माणसानं लिहिली असो की यंत्रानं, ऐकल्याशिवाय अंगठा किंवा सही करू नका. चुकलं असेल तर तिथंच सांगा, "साहेब, मी असं म्हणाले नव्हते." आपण गटाचा ठराव वाचून झाल्याशिवाय सही करत नाही, मग साक्षीवर तरी का करायची?

केरळ उच्च न्यायालयानं १९ जुलै २०२५ ला जिल्हा न्यायालयांसाठी नियमच केले. यंत्राच्या आधारे निष्कर्ष काढायचा नाही, निकाल द्यायचा नाही. मंजूर केलेलीच साधनं वापरायची. अनुवाद जाणकारानं तपासायचा. आणि कधी, कोणतं साधन वापरलं, कुणी तपासलं, याची नोंद ठेवायची. हा शेवटचा नियम आम्हाला फार आवडला. कारण नोंदच नसेल तर चूक झाल्यावर विचारायचं कुणाला?

आपल्या मुंबई उच्च न्यायालयासमोरही असा प्रकार आला. ऑक्टोबर २०२५ मध्ये एका कंपनीच्या आयकर आकारणीचा आदेश न्यायालयानं रद्द केला. अधिकाऱ्यानं आदेशात ज्या निकालांचा आधार घेतला होता, ते निकाल अस्तित्वातच नव्हते! एआयच्या जमान्यात यंत्रानं दाखवलेलं तपासल्याशिवाय वापरू नका, असं न्यायालयानं बजावलं. अमेरिकेत न्यूयॉर्कला जून २०२३ मध्ये वकिलांनी यंत्रानं रचलेले खोटे निकाल कोर्टात दिले, तेव्हा त्यांना पाच हजार डॉलरचा दंड झाला. शिकलेल्या माणसांची ही गत.

कधी कधी यंत्र खोटं सांगत नाही, शिळं सांगतं. बायांना त्याची भीती जास्त. लेकीच्या वाट्याचंच घ्या. महाराष्ट्रात १९९४ मध्ये कायदा बदलला, पण २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्या लेकी त्यातून सुटल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या कायद्यानं लेकीला जन्मानंच मुलाइतका हक्क दिला. मग २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की त्या तारखेला बाप जिवंत असला पाहिजे. आणि ११ ऑगस्ट २०२० ला त्याच न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी सांगितलं की बाप जिवंत असण्याची अट नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर वाटणी झालेली असेल तर गोष्ट वेगळी. आता यंत्राच्या पोटात हे सगळेच कागद आहेत. त्यानं २०१५ चा निकाल उचलून "तुला वाटा नाही" सांगितलं, तर बाई घरीच बसेल. दावा लावायच्या आधीच हरेल.

मोबाईलला विचारू नका असं आम्ही म्हणत नाही. कोर्टातल्या शब्दाचा अर्थ कळायला, वकिलाला विचारायचे प्रश्न लिहून काढायला त्याचा उपयोग होतो. मात्र त्यानं एखाद्या निकालाचं नाव सांगितलं तर सर्वोच्च न्यायालयाच्या 'ई-एससीआर' या संकेतस्थळावर तो आहे का, हे शिकलेल्या लेकीकडून पाहून घ्या. ते फुकट आहे. खटल्याची तारीख 'ई-कोर्ट्स सर्व्हिसेस' ॲपवर सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक टाकून बघा, फोटोच्या अनुवादावरून तारीख धरू नका. आणि मारहाणीची, अत्याचाराची हकीकत, नावं, लेकरांची माहिती अशा फुकटच्या ॲपमध्ये टाकू नका. ती कुठं जाऊन साठते, ते आपल्या हातात राहत नाही.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून मोबाईलवर भागवतो, असं पुष्कळ जणी सांगतात. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा किंवा १५१०० वर फोन लावायचा.

आमच्या त्या मैत्रिणीचं उत्तर मुदतीत दाखल झालं. पुढची तारीख यायची आहे. कुणाच्या घरी असा इंग्रजी कागद पडून असेल, तर पुढच्या बैठकीला त्याची झेरॉक्स घेऊन या. मोबाईलमधला फोटो नको, शेवटच्या ओळी त्यात नेहमी कापल्या जातात.